मोगरा हिरवागार, पण कळी नाही. दक्षिणेची गॅलरी असून ऊन कमी पडतंय का?

बटमोगरा_वाई | १४ एप्रिल

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंनी वाईहून बटमोगऱ्याचं रोप लावून दिलं. त्यांच्या अंगणात त्याच्या आईझाडाला या दिवसांत रोज ओंजळभर फुलं निघतात. माझ्याकडे पानं गर्द हिरवी, फांद्या वेलासारख्या लांबच लांब सुटल्यात आणि कळी औषधालाही नाही. गेल्या उन्हाळ्यात पाच फुलं आली. पाचच, मोजली आहेत.

घर कोथरूडला, तिसरा मजला. गॅलरी दक्षिणेला, चार फूट खोल, डोक्यावर वरच्यांच्या गॅलरीचा स्लॅब, पुढे लोखंडी जाळी. कुंडी बारा इंची, आतल्या भिंतीला टेकवलेली. दक्षिणेची खिडकी झाडांना सगळ्यात चांगली असं एका व्हिडिओत ऐकलं, म्हणून ही जागा. थंडीत ऊन पार हॉलमधल्या टीपॉयपर्यंत यायचं, कुंडी दिवसभर उन्हात. फेब्रुवारीत छाटणी केली, पानं काढली, दोन मुठी गांडूळखत घातलं. आता काय राहिलं? सासूबाई दर रविवारी फोनवर विचारतात, "आला का गं मोगरा?" मी विषय आंब्यांवर नेते.

गच्चीवरचा_माळी | १४ एप्रिल

खत कमी पडतंय. चमचाभर डीएपी टाका, आठवड्यात कळ्या दिसतील. दक्षिण गॅलरीत उन्हाचा प्रश्नच येत नाही.

भूगोलाचे_सर | १५ एप्रिल

डीएपी राहू द्या ताई. फांद्या लांब सुटणं हे उपाशी झाडाचं लक्षण नाही, उजेड शोधत निघालेल्या झाडाचं आहे. त्याला आणखी खत म्हणजे आणखी पानं.

तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे जरा लांबण लागेल. पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर. डिसेंबरच्या शेवटी भरदुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून फक्त ४८ अंश वर असतो, म्हणून तो तिरपा तुमच्या टीपॉयपर्यंत येतो. मार्चच्या विषुवदिनाला ७१ अंशांच्या पुढे. आता एप्रिलच्या मध्यावर ८१च्या वर, आणि मेच्या मध्याला बरोबर डोक्यावर, तोच आपला शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडेच कललेला. म्हणजे मोगऱ्याला ऊन हवं नेमक्या त्याच महिन्यांत तुमचा स्लॅब छत्री धरून उभा!

व्हिडिओ बहुधा परदेशातला असणार. लंडनला जूनमध्येही दुपारचा सूर्य ६२ अंशांच्या आसपासच असतो, तिथे दक्षिणेची खिडकी बारा महिने चालते. त्यांचं त्यांच्या गावाला बरोबर आहे.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. उद्या साडेबाराला (पुण्यात सूर्य माथ्यावर यायला तेवढे वाजतात) ऊन जिथपर्यंत येतं तिथे फरशीवर खडूने रेघ मारा. मग कुंडीजवळ हात धरा. सावली काळी, रेखीव पडली तर ऊन. पुसट पडली तर नुसता उजेड. उजेडावर पीस लिली फुलेल, मोगऱ्याला रोज पाच-सहा तास खरं ऊन लागतं.

पूर्वेला खिडकी आहे का?

पुसटशी_शेवंती | १५ एप्रिल

थोडं विषयांतर. माझी शेवंती दोन हिवाळे फुललीच नाही, ऊन भरपूर असून. कारण निघालं गॅलरीतली ट्यूब, रात्री बारापर्यंत चालू असायची. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड रात्र लागते. फुलशेतीवाले बहर पुढे ढकलायला रात्री बल्ब लावतात, तेच मी फुकट करत होते. मोगऱ्याशी याचा संबंध नाही, पण सगळी झाडं उन्हावरच अडत नाहीत एवढंच.

बटमोगरा_वाई | १६ एप्रिल

सर, रेघ मारली. जाळीपासून जेमतेम दीड फूट! कुंडी तीन फुटांवर. हाताची सावली धुरकट. म्हणजे थंडीत मी त्याला झोपेत जेवू घातलं आणि जाग आल्यावर ताट काढून घेतलं.

पूर्वेला बेडरूमची खिडकी आहे, दीड फूट बाहेर आलेली ग्रिल आहे, सातपासून जवळजवळ बारापर्यंत ऊन. पण तिथे ह्यांचा कुलर.

भूगोलाचे_सर | १६ एप्रिल

कुलरचा प्रश्न भूगोलाच्या कक्षेबाहेरचा.

मोगरा मात्र एकदम बाहेर ठेवू नका, सावलीत वाढलेली पानं उन्हात पांढरी पडून करपतात. पहिले चार दिवस जाळीपाशी, मग ग्रिलमध्ये सकाळचे दोन तास, असं आठ-दहा दिवसांत पूर्ण ऊन. लांब सुटलेले शेंडे आत्ताच खुडा, कळी नव्या फुटीवर येते. प्लास्टिकची कुंडी असेल तर ती मोठ्या मातीच्या कुंडीत बसवा, मुळं कमी तापतील. पाणी रोज सकाळी. कुंडी तारेने ग्रिलला बांधा आणि खाली ताटली ठेवाच, हे दिवस खालच्यांच्या कुरडया वाळत घालायचे.

बटमोगरा_वाई | २७ मे

उशिरा लिहितेय. कुलर हॉलमध्ये गेला, त्यावर घरात काय काय झालं ते इथे नको. दोन-चार पानं करपलीच, मला घाई झाली होती. पण नवी फूट आली आणि आज सकाळी मोजल्या तर अकरा कळ्या, त्यातल्या तीन संध्याकाळी उमलतील असं वाटतंय. सासूबाईंना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन, "अकरांचा गजरा होत नाही. शेंडे खुडत राहा."