प्यालाभर पाणी आणि प्रतिफळ

शिष्याला प्यालाभर पाणी देणारा प्रतिफळाला मुकणार नाही, असं येशू म्हणतो. मग प्रश्न येतो, की प्रतिफळाच्या आशेने केलेला पाहुणचार हा व्यवहारच नाही का? मला तसं अजिबात वाटत नाही. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात (10:42) येशू फक्त प्यालाभर थंड पाण्याबद्दल बोलतो. एवढ्याशा गोष्टीचं मोल कोण मागायला जाणार? शिवाय ते पाणी घेणाऱ्याला येशूचा 'शिष्य म्हणून' द्यायचंय, म्हणजे दारातल्या तहानलेल्या माणसात त्याला पाठवणारा येशू ओळखायचा. 'जो तुम्हाला स्वीकारतो तो मला स्वीकारतो' हे दोनच वचनं आधी आलंय. खरं प्रतिफळ मला तरी तिथेच दिसतं.

मधलं वचन (10:41) संदेष्ट्याला घरात घेणाऱ्याचं. ते वाचलं की शूनेम गावची बाई आठवतेच (जुना करार, 2 राजे 4). अलीशा या संदेष्ट्यासाठी तिने माडीवर छोटी खोली बांधून घेतली; आत पलंग, मेज, आसन, दिवा. तुझ्यासाठी काय करू, असं अलीशाने विचारलं तर म्हणाली, मी माझ्या माणसांत राहते आहे. बस, एवढंच! तिला मूल नाही हे अलीशाचा सेवक गेहजीने सांगितलं, तिने नव्हे.

भाबडेपणा नको, हे मान्य. 'दिदाखे' या आरंभीच्या ख्रिस्ती ग्रंथात, फिरता प्रेषित तीन दिवस मुक्काम ठोकून राहिला तर तो खोटा, असं स्पष्ट म्हटलंय. पण त्याच्या लगेच आधीची ओळ आहे: येणाऱ्या प्रत्येक प्रेषिताला प्रभूसारखं स्वीकारा.