मदत हवी आहे: ४० मिमी उंचीच्या डब्यात बसेल असा ट्रान्सफॉर्मर कोणता?

नमस्कार मंडळी,

नाशिकच्या पंचवटीतल्या आमच्या भजनी मंडळासाठी चार माइकचा प्रीअॅम्प (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा) घरी बनवतोय. मंडळाच्या साउंडच्या रॅकमध्ये नेमकी एकच जागा शिल्लक आहे, १ यू, म्हणजे ४४.४५ मिमी. अंबडला पत्र्याचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून डबा करून घेतला. दीड मिमीचा पत्रा जाऊन आत उंची उरते ४० मिमी. लांबी-रुंदी हवी तेवढी आहे, अडलंय ते उंचीवर.

सर्किट टेबलावर व्यवस्थित चालतंय. ५५३२ या ऑप-अॅम्पच्या आठ आयसी, ७८१५ आणि ७९१५ या रेग्युलेटरवर अधिक-उणे १५ व्होल्ट. दोन माइक कंडेन्सर आहेत, त्यांना ४८ व्होल्टचा फँटम (माइकच्याच वायरमधून जाणारा पुरवठा) द्यायचाय, तो अजून केलेला नाही. एलईडी वगैरे धरून प्रत्येक बाजूला मीटरवर ११० मिलिअॅम्प दिसतात.

दुकानदार म्हणाला, "१५-०-१५, २ अॅम्पचा घ्या, गरमच होणार नाही." घेतला. घरी येऊन मोजला तर उंची ६५ मिमी! आडवा टाकूनही बसत नाही. बाहेरच ठेवून चालवून पाहिला, तर प्रीअॅम्पजवळ आणला की घूंऽऽ सुरू, लांब नेला की बंद. वीणेच्या माइकवर तर फारच.

टोरॉइड (रिंगवर गुंडाळलेला, चपटा आणि कमी घूं करणारा ट्रान्सफॉर्मर) भरून मिळेल का म्हणून सातपूरला वाइंडिंगवाल्या काकांकडे गेलो. ते म्हणाले, "एवढ्याशा रिंगवर २३० ची प्रायमरी म्हणजे हजारो वेढे, केसासारखी तार. माझ्या मशीनवर होणार नाही. लोखंडी पट्ट्यांचा साधा आण, उद्या देतो."

तर प्रश्न असे. तयार टोरॉइड घेतला तर किती व्हीएचा (व्होल्ट गुणिले अॅम्प, म्हणजे ताकद)? ४० मिमीत बसेल का? की ट्रान्सफॉर्मर रॅकमागे वेगळ्या डब्यात ठेवून वायरनं आणू? (मंडळातली पोरं वायर विसरून येणार, हे आधीच सांगतो.)

आगाऊ धन्यवाद.

तांब्याची_तार:
२ अॅम्पच्या नादी लागलात तिथेच चुकलं. ब्रिजनंतर (एसीचं डीसी करणारे चार डायोड) मोठा कपॅसिटर असला की ट्रान्सफॉर्मरला डीसीच्या साधारण १.८ पट करंट द्यावा लागतो. ११० मिलिअॅम्पचे झाले २००. दोन्ही वाइंडिंग मिळून ७-८ व्हीए, फँटमचे दोन-तीन. १५ व्हीए भरपूर झाला. तेवढा टोरॉइड साधारण ६० मिमी व्यासाचा आणि तिशीच्या आसपास उंचीचा येतो, वरखाली रबर घालून बसेल. तरी घ्यायच्या आधी पट्टीनं मोजाच.

आणि १५-०-१५ नको, १८-०-१८ घ्या. ७८१५ ला आत किमान १७ व्होल्ट लागतात. सप्त्याला खेडेगावात गेलात आणि लाईट २०० वर आली की १५ च्या वाइंडिंगवर जेमतेम तेवढेच उरतात. मग भैरवीला घरघर. १८ वर तो प्रश्न नाही, फक्त फिल्टरचे कपॅसिटर ५० व्होल्टचे टाका. रात्री लाईट २५० ला जाते तेव्हा ३५ वाले काठावर येतात.

फ्यूजवाला:
एक गोष्ट कोणी सांगत नाही, मी तीन फ्यूज जाळून शिकलोय. टोरॉइडच्या मधल्या भोकातून बोल्ट जातो ना, त्याचं वरचं टोक झाकणाला टेकता कामा नये. टेकलं की बोल्ट, झाकण, बाजूचा पत्रा आणि तळ मिळून रिंगभोवती एक बंद वेढा होतो, म्हणजे सरळ शॉर्ट. माझा डबा उघडा असताना मस्त चालायचा, झाकण लावलं की फ्यूज. दोन दिवस ब्रिज बदलत बसलो होतो! तुमच्याकडे ४० मिमीच आहेत, तेव्हा बोल्ट कापून घ्या आणि झाकणाला आतून जाड फायबर चिकटवा. फ्यूज स्लो-ब्लो, डब्याला अर्थिंग पक्कं.

बोल्ट कसण्याआधी वीणेचा माइक चालू ठेवून बघा. तारा जिथून बाहेर येतात तिथून टोरॉइडचं चुंबकीय क्षेत्र थोडं गळतं. लाईट बंद करायची, टोरॉइड थोडा फिरवायचा, परत चालू. जिथे आवाज सर्वांत कमी तिथेच कसायचा. माइकच्या सॉकेटी डब्याच्या दुसऱ्या टोकाला.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. झाकणाचं वाचून घाम फुटला, कारण माझा बोल्ट बरोबर ४० मिमीचा आहे.
फँटमसाठी वेगळं वाइंडिंग हवं का?

तांब्याची_तार:
तयार टोरॉइडला ते मिळणार नाही. १८ च्या एका वाइंडिंगवर डायोड-कपॅसिटरचं तिप्पट करणारं सर्किट लावा, सत्तरच्या पुढे व्होल्ट येतील. त्यावर टीएल७८३ हा जास्त व्होल्टचा रेग्युलेटर लावून ४८ करा. दोन माइकना जास्तीत जास्त २० मिलिअॅम्प, तेवढं झेपतं. ७९१५ पत्र्यावर कसताना मात्र अभ्रक घाला. ७८१५ ची पाठ ग्राउंड असते, ७९१५ ची नसते.

प्रश्नकर्ता:
ठरलं. शनिवारी पंचवटी एक्सप्रेसनं मुंबई, लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. बॅगेत स्टीलची पट्टी टाकलीय. झाकण लावून फ्यूज टिकला की इथेच कळवतो.