फुंकर मारून लावलेल्या कॅसेटी: तुमचे अनुभव लिहा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या ट्रंकेत व्हिडिओ गेमची पिवळ्या प्लास्टिकची एक कॅसेट सापडली. स्टिकर निम्मं उडालेलं, उरलेल्या भागात '9999 इन 1'. लेक म्हणाली, "बाबा, खरंच एवढे गेम आहेत?" काय सांगणार! मोजून पंधरा असतील. पुढची सगळी पानं त्याच गेमांची, नाव बदलून नाहीतर मधल्याच लेव्हलपासून सुरू होणारी. आमचं मशीन म्हणजे फॅमिकॉम ह्या टीव्हीला जोडायच्या गेम-मशीनची नक्कल. निन्टेन्डोने 1983 साली जपानात फॅमिकॉम काढला, आणि नव्वदच्या दशकात त्याच्या नकला आपल्याकडे गल्लोगल्ली पोचल्या.

ज्यांनी ह्या कॅसेटी खेळल्या, जमवल्या, बिघडवल्या त्यांनी लिहा. कॅसेट लागली नाही की तिच्यात फुंकर मारायचात का, तेही खरं खरं सांगा.

नाशिकहून

मारायचो म्हणजे काय! देवापुढे हात जोडावेत तशी दोन्ही हातांत धरून. आमच्याकडे मशीन नव्हतं, स्टेशनरीच्या दुकानात मागच्या खोलीत तासावर खेळायला मिळायचं. दुकानदार काका स्वतः फुंकर मारायचे, आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत.

नाव नको, कॉन्ट्रावाला

कॉन्ट्रा गेमच्या सुरुवातीला दाबायची बटणं: वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. की तीस जीव मिळायचे. आजही अंगठ्याला पाठ आहे, बायकोचा फोन नंबर नाही.

इचलकरंजीहून

सगळे भाऊलोकच लिहितायत, म्हणून मी लिहिते. आमच्या घरात 'टँक' चालायचा. त्याचं खरं नाव बॅटल सिटी, गेम 1985 चा, हे मला चाळिशीत कळलं. दोघांनी मिळून गरुड राखायचा आणि शत्रूचे वीस रणगाडे उडवायचे. पण आपली गोळी जोडीदाराला लागली की तो जागच्या जागी थिजतो. दादा मला मुद्दाम थिजवायचा आणि फावडं स्वतः उचलायचा. (फावडं घेतलं की गरुडाभोवतीच्या विटा थोडा वेळ पोलादी होतात.) ह्यावरून आमच्यात झालेल्या मारामाऱ्या आईने मोजल्या असत्या तर तिची वही भरली असती.

माझा जीव मात्र त्यातल्या नकाशा बनवायच्या भागात. विटा, पोलाद, पाणी, झाडी हवी तिथे मांडायची आणि त्यात खेळायचं. अडचण एकच, मशीन बंद केलं की नकाशा गेला. कॅसेटमध्ये काही साठवायची सोयच नव्हती. मग मी गणिताच्या आलेख वहीत नकाशे काढायला लागले. मैदान तेरा बाय तेरा घरांचं, बरोबर बसायचं. पाण्याला निळी पेन्सिल, विटांना तांबडी. रविवारी वही उघडून पुन्हा पहिल्यापासून मांडायचं, त्यात पंधरा मिनिटं जायची आणि दादा मागून "आवर की" करायचा. बाईंनी ती वही तपासली तेव्हा शेवटच्या सहा पानांवर लाल प्रश्नचिन्ह होतं, बाकी काही नाही. वही अजून आहे. कॅसेट कुठे गेली कुणास ठाऊक.

एडिसन, न्यू जर्सी

इथे अमेरिकेत आल्यावर हौसेने जुना एनईएस (फॅमिकॉमचंच अमेरिकी रूप) घेतला, तेव्हा फुंकरीचा सगळा मामला उमगला. ह्यात कॅसेट वरून खोचत नाहीत. समोरून आत सारून खाली दाबायची, व्हीसीआरसारखी. त्या दाबण्याने आतल्या 72 पिनांची पकड सैल होत जाते. वर मशीनमध्ये कुलपाची एक चिप आहे. कॅसेटमधल्या जोडीदार चिपशी तिचं बोलणं जमलं नाही की ती मशीन पुन्हा पुन्हा चालू-बंद करते आणि लाल दिवा लुकलुकत राहतो. मग इथली पोरंही फुंकायची. फायदा व्हायचा तो कॅसेट काढून परत लावल्याचा, कारण पिना नव्याने टेकतात. थुंकीच्या ओलाव्याने उलट तांबं काळं पडतं. जपानी फॅमिकॉममध्ये ही कुलूप-चिप नव्हती, म्हणून तर आपल्याकडच्या नकला इतक्या बिनघोर चालल्या.

मूळचा सांगलीचा, सध्या तोक्यो

वरच्या दादांना पुरवणी. जपानी माणूसही ह्याला 'कासेत्तो' म्हणतो, तेव्हा कार्ट्रिज म्हणून कुणी शहाणपणा केला तर आपण गप्प बसायचं कारण नाही. जपानी कॅसेट 60 पिनांची, आपल्या नकलांचीही तेवढ्याच पिनांची. इथल्या अकिहाबारा बाजारात घेतलेला मारिओ मी सांगलीला मामाच्या मशीनमध्ये खोचला, आणि चालला की हो!

पण चकित झालो ते त्याआधी, इथे खऱ्या मशीनवर खेळताना. मारिओ फार पळत होता आणि संगीतही घाईत. मला वाटलं मशीन बिघडलंय. मग कळलं, जपानी टीव्ही सेकंदाला साठ चित्रं दाखवतो आणि आपला पन्नास. गेम चित्रांच्या हिशोबाने पुढे सरकतो, म्हणून आपलं अख्खं बालपण सावकाश पळणाऱ्या मारिओबरोबर गेलं. आता खरा मारिओ मला खोटा वाटतो.

आणखी एक. सेकंडहँड कॅसेटींच्या पाठीवर बऱ्याचदा स्केचपेनने मुलांची नावं असतात. त्याने भाव उतरतो, पण मी तशाच घेतो. एकीवर नावाबरोबर इयत्तासुद्धा आहे, दुसरी.

पुणे

मी दुरुस्त करतो, धंदा म्हणून नाही. कॅसेट लागत नसेल तर आधी पांढरा खोडरबर पिनांवर हलका फिरवा, मग कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. सँडपेपर घ्याल तर माझ्याकडे येऊ नका. आपल्या बहुतेक कॅसेटींत सुटी चिप नसते, पट्टीवर लाखेसारखा काळा ठिपका असतो, चिप त्याच्याखाली. तो गेला की कॅसेट गेली, त्यावर इलाज नाही. झेल्डा गेमसारख्या सेव्ह होणाऱ्या अस्सल कॅसेटींत बटणासारखा सेल असतो. तो बदलायला काढला की तुमचं सेव्हही पुसलं जातं, आधी रडून घ्या.

बंदुकीने बदकं टिपायच्या डक हंट गेमचं विचारणारे खूप भेटतात. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि बंदुकीतला डोळा तो उजेड शोधतो. चपट्या टीव्हीवर चित्र उशिरा येतं, तोवर बंदुकीने हात टेकलेले. त्यासाठी एक पिक्चर ट्यूबचा डबा ठेवलाय. सौ. त्याच्यावर कुंडी ठेवते.

धागाकर्ता

काल लेकीबरोबर पिवळी कॅसेट उघडली. एवढ्या मोठ्या डब्यात काडेपेटीएवढी पट्टी, त्यावर काळा ठिपका. "आणि बाकीची हवा?" तिने विचारलं. पुण्याच्या काकांचं ऐकून खोडरबर फिरवलाय. मशीन मात्र नाही, येत्या रविवारी जुन्या बाजारात बघतो. इचलकरंजीच्या ताई, त्या नकाशांचा एखादा फोटो टाकाल का? कॅसेटवरच्या यादीत 'टँक' चार वेळा आहे.