मदत हवी आहे: बडोद्यात तांबेकर वाड्याजवळच्या जुन्या घरात वृद्धनिवास करायचा आहे, परवानगी कशी मिळेल?

नमस्कार. प्रश्न मोठा आहे, पण अर्धवट सांगितला तर उत्तरही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

रावपुऱ्यात आमचं पणजोबांच्या वेळचं घर आहे. तळमजला, वर दोन मजले, मधे चौक, सागवानी खांब आणि एकच अरुंद जिना. आता तिथे एकटी आत्या राहते. वय ८१. आम्ही भावंडं गोत्री, मांजलपूर, पुणे अशी पांगलोय. तिला कितीदा घरी आणलं, पण चौथ्या दिवशी ती पिशवी भरून दाराशी उभी. तिच्या भजनी मंडळातल्या आणखी चौघी अशाच एकेकट्या राहतात. त्यातली एक मागच्या पावसाळ्यात न्हाणीघरात पडली आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत तशीच पडून होती. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

बडोद्यात वृद्धाश्रम आहेत, पण मी पाहिले ते सगळे शहराच्या कडेला. तिथे गेलं की देऊळ सुटतं, ओळखीचे डॉक्टर सुटतात, कार्तिकी एकादशीला विठ्ठलनाथजींचा वरघोडा (मिरवणूक) बघायला जाणं सुटतं. म्हणून आम्ही ठरवलं की हेच घर दुरुस्त करून दहा-बारा जणांची सोय करायची. चोवीस तास परिचारिका, एक स्वयंपाकीण, धरायला कठडे, कमोड आणि वर जायला लिफ्ट. यातून नफा नको आहे.

अडचण अशी की तांबेकर वाडा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा वाडा. आतली एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं दाखवायला बाबा आम्हाला लहानपणी न्यायचे. केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं ते संरक्षित स्मारक, म्हणजे भोवती १०० मीटर निषिद्ध क्षेत्र. भावाने गल्लीगल्लीने टेप लावला तर १३० मीटर भरले, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. नकाशे करून देणाऱ्या एका माणसाने मात्र सांगितलं, "तुम्ही आतच आहात, परवानगी मिळायची नाही." आणि लगेच पुढे, "रात्रीत काम उरका, दंडाचं मागून बघू." मला असं करायचं नाही. त्या वाड्याचं नुकसान व्हावं असं आमच्या घरात कुणालाच वाटत नाही.

अंतर नक्की कसं मोजतात? चौकात लिफ्ट चालेल का? राहत्या घराचा वृद्धनिवास करायला महापालिकेची वेगळी रजाचिठ्ठी (परवानगी) लागते का? प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचंच नाव आहे, त्यामुळे काम अडेल का?

प्रतिसाद

ताई, मी वास्तुरचनाकार आहे. आता निवृत्त झालोय, पण आयुष्यभर लाकडी घरांच्या दुरुस्तीचीच कामं केली.

अंतर सरळ रेषेत मोजतात, तेही स्मारकाच्या संरक्षित हद्दीच्या कडेपासून. गल्लीबोळांतून १३० भरलं असेल तर सरळ रेषेत तुम्ही बहुधा १०० च्या आतच आहात. तसंच धरून चला. पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं, तिथे परवानगीने नवं बांधकामही होतं. निषिद्ध क्षेत्रात मात्र नवं बांधकाम नाही आणि पाडून त्याच मापाचं पुन्हा उभारणंही नाही. फक्त दुरुस्ती आणि नूतनीकरण, तेही घर १६ जून १९९२ पूर्वीचं असेल तर. तुमचं तर पणजोबांचं आहे. त्या आधीची वेराबिलं (घरपट्टीची बिलं) आणि सिटी सर्व्हेचा नकाशा शोधून ठेवा, हाच पुरावा.

अर्ज राज्याच्या सक्षम अधिकाऱ्याकडे जातो. त्याने तो १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत शिफारस द्यायची आणि त्यानंतर महिन्याभरात निर्णय, असा कायद्यातला क्रम आहे. परवानगीशिवाय काम केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. "मागून बघू" म्हणणाऱ्याला पुन्हा घरात घेऊ नका.

लिफ्टचं सांगतो. घराला आडवी किंवा उभी कुठलीही वाढ केली की कायद्याच्या भाषेत ते बांधकाम. उघड्या चौकात लिफ्टचा मनोरा उभा केलात तर नकार ठरलेला समजा. एकावर एक आलेल्या खोल्या असतील तर त्यांच्या आत, छपराच्या वर एक वीतही न जाता, असा प्रस्ताव निदान विचारात घेतला जाईल. पण मला विचाराल तर लिफ्ट सोडा. सगळे पलंग तळमजल्यावर घ्या.

वापर बदलणं हा महापालिकेचा विषय. तिथे वेगळी मंजुरी लागेल. राष्ट्रीय इमारत संहितेत वृद्धांचं निवासस्थान राहत्या घरांत धरत नाहीत, संस्थात्मक गटात धरतात, आणि मग अग्निशमनाच्या अटी कडक होतात. मला खरी काळजी तिथे वाटते. सागवानी तक्तपोशी, एक जिना, एक दार आणि रात्री झोपलेली बारा माणसं, ज्यांतली निम्मी आधाराशिवाय उठू शकत नाहीत. पुरातत्त्ववाल्यांनी उद्या हो म्हटलं, तरी दुसरी वाट असल्याशिवाय मी स्वतः त्या नकाशावर सही केली नसती. घराला मागून दार आहे का?

प्रतिसाद

वारसाईचं आधी करा, बाकी सगळं त्यानंतर. आमच्या घरी एका चुलतभावाची सही राहिली म्हणून दीड वर्ष गेलं. आजोबांचे सगळे वारस, लग्न होऊन गेलेल्या आत्यांची मुलंसुद्धा, यादीत घ्या. माझी आई दांडिया बाजारात एकटी असते. तुमचं झालं तर पहिली खोली तिच्यासाठी मागते.

धागाकर्ती

दादा, तुमचा प्रतिसाद मी भावाला फोनवर वाचून दाखवला. आगीचा विचार आमच्या कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. आम्ही कठडे आणि कमोडातच अडकलो होतो.

मागे दार होतं. आत्या म्हणते, आमच्या जन्माच्या आधी एकदा चोरी झाली तेव्हा आजोबांनी ते विटा लावून बुजवलं. चौकट अजून भिंतीत दिसते. ते पुन्हा उघडणं हे नवं बांधकाम ठरेल का? आणि तळमजल्यावर सहाच पलंग मावतात, मग बारा जणांचं स्वप्न सोडावं लागेल.

प्रतिसाद

मग सहाच घ्या. सहा माणसांना जिवाभावाने सांभाळणं हेही लहान काम नाही.

दार उघडणं म्हणजे असलेल्या घरातला फेरफार, ते नूतनीकरणात बसायला हवं. पण गुपचूप उघडू नका. त्याच अर्जात, नकाशावर वेगळ्या रंगाने दाखवा. तिथे पूर्वी दार होतं याचा जुना फोटो किंवा जुना नकाशा जोडलात तर बाजू भक्कम होईल. बाहेरची गल्ली स्ट्रेचर जाईल इतकी रुंद आहे का, तेही मोजा.

धागाकर्ती

रविवारी भाऊ आणि मी गल्ली मोजणार आहोत. आत्याच्या लग्नात पंगत मागच्या अंगाला बसली होती म्हणे, ती ट्रंकेतले फोटो काढते आहे. रावपुऱ्याचा १९९२ आधीचा सिटी सर्व्हे नकाशा कुणी अलीकडे काढला असेल, तर अर्ज कसा लिहिला तेवढं सांगा.