कलासंग्रहालयात शाळांच्या भेटी आणि शिक्षकांच्या कार्यशाळा घेण्याचे काम : बडोद्यातील अनुभवी मंडळींना विचारणा

सुरसागर :

नमस्कार. मी बडोद्यातच वाढले आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेतून कला-इतिहासात पदव्युत्तर शिक्षण घेतले. एका कलासंग्रहालयाच्या शिक्षण विभागातील जागेसाठी लवकरच माझी मुलाखत आहे. शाळांच्या भेटी आखून त्या प्रत्यक्ष घेणे आणि सेवेतील शिक्षक व बी.एड.चे विद्यार्थी यांच्यासाठी कार्यशाळा चालवणे, अशी दुहेरी जबाबदारी या पदावर आहे.

चित्रांविषयी बोलायला मला अडचण नाही. लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी राजा रविवर्मांनी काढलेल्या चौदा पौराणिक चित्रांवर तासभर व्याख्यान द्यायला सांगितले, तर ते मी देऊ शकेन. परंतु पाचवीच्या चाळीस मुलांसमोर त्यांतल्याच एखाद्या चित्राविषयी काय बोलावे, किती बोलावे आणि कुठे थांबावे, याचा मला अंदाज येत नाही. त्याहून मोठी काळजी शिक्षकांची आहे. ज्यांनी माझ्या वयाइतकी वर्षे वर्गात उभे राहून शिकवले आहे, त्यांना मी नेमके काय शिकवणार? ज्यांनी हे काम केले आहे किंवा शिक्षक म्हणून अशा भेटींना वर्ग नेले आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दांडियाबाजार :

आपण ज्या कामाची तयारी करत आहात, त्यात माझी बरीच वर्षे गेली असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

तासाभराच्या भेटीत तीन, फार तर चार कलाकृती पुरतात. संपूर्ण संग्रहालय दाखवले पाहिजे, असा आग्रह शाळाही धरतात आणि कधीकधी आपले वरिष्ठही धरतात. तो नम्रपणे परंतु ठामपणे नाकारावा लागतो, कारण पन्नास वस्तूंसमोरून चालत गेलेले मूल एकही वस्तू पाहत नाही. बडोदे संग्रहालयासारख्या ठिकाणी मुलांना आधी इजिप्तची ममी आणि देवमाशाचा सांगाडा पाहायचा असतो, आणि त्यात गैर काही नाही. त्या दोन गोष्टी त्यांना पहिल्या दहा मिनिटांत मनसोक्त पाहू द्याव्यात. मग ती शांतपणे दुसऱ्या दालनात बसतात.

एक कलाकृती कशी पाहायची, याचे उदाहरण देतो. १९५१ साली बडोद्याच्याच अकोटा भागात सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती या संग्रहालयात आहेत. त्यांतली जीवंतस्वामींची मूर्ती साधारण सहाव्या शतकातील मानली जाते. मुलांना तिच्यासमोर जमिनीवर बसवावे आणि मिनिटभर कोणीच काही बोलू नये. मुलांच्या नजरेत आधी मुकुट भरतो, मग कुंडले, मग गळ्यातले आणि दंडावरचे दागिने. ‘हा राजा आहे,’ असे बहुतेक जण सांगतात. आपण ‘कशावरून?’ एवढेच विचारावे. मग कोणीतरी शंका काढते की राजा असता तर सिंहासनावर बसला असता, हा असा निश्चल का उभा आहे? बडोद्याच्या वर्गात जैन घरातले एखादे मूल बहुधा असतेच, आणि ते सांगते की देरासरात (जैन मंदिरात) आंगी, म्हणजे मूर्तीला घालायचा अलंकारांचा साज, चढवली की भगवंतांना असाच मुकुट असतो. येथे पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो : आंगी चढवता येते आणि उतरवता येते, मग या मूर्तीवरचे दागिने उतरवता येतील का? मुले पुढे झुकून पाहतात आणि दागिने धातूतच ओतलेले आहेत, हे त्यांचे त्यांना उमगते. राजवाड्यात असतानाच ध्यानस्थ उभे राहणारे, दीक्षेपूर्वीचे राजपुत्र महावीर या मूर्तीत दाखवले आहेत, हे आपण त्यानंतर सांगावे. एव्हाना ती माहिती मुलांना हवी असते, म्हणून ती लक्षात राहते.

या पद्धतीमागे अभ्यासही आहे. न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये शिक्षण विभागाचे प्रमुख राहिलेले फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसेन यांनी तीन प्रश्नांवर आधारलेली एक पद्धत विकसित केली. या चित्रात काय चालले आहे, असे तुम्ही चित्रात काय पाहून म्हणता, आणि आणखी काय सापडते, हे ते तीन प्रश्न. मूल बोलत असताना त्याने उल्लेखलेल्या जागेकडे बोट दाखवायचे आणि त्याचे म्हणणे वेगळ्या शब्दांत पुन्हा मांडायचे. शाबासकी द्यायची नाही आणि खोडूनही काढायचे नाही. ऐकायला हे सोपे वाटते, परंतु ज्याला खूप माहिती आहे त्याला गप्प राहणे जड जाते. आपल्याला सर्वाधिक सराव त्याचाच करावा लागेल.

दालनाचे नियमही कारणांसह सांगावेत. कागदावरील चित्रे आणि वस्त्रे यांच्यासाठी साधारण ५० लक्सपर्यंतच (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश ठेवतात, कारण प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही. हाताच्या घामातील क्षारांमुळे धातूवर डाग पडतात. शाई सांडली तर निघत नाही, म्हणून दालनात पेन्सिलच वापरायची. कारण समजले की मुले एकमेकांवर स्वतःच लक्ष ठेवतात.

फतेगंज :

मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि दरवर्षी वर्ग घेऊन संग्रहालयात जाते. दांडियाबाजार यांनी लिहिलेले मला पटते, परंतु शिक्षिकेच्या बाजूने काही सांगणे आवश्यक वाटते.

भेटीच्या दिवशी शिक्षिका सकाळपासून मुले मोजत असते. बसमध्ये चढताना, उतरताना, डबा खाताना, स्वच्छतागृहातून परत येताना ती मोजतच राहते. संग्रहालयात पोचल्यावर तेथील मार्गदर्शक मुलांचा ताबा घेतात आणि तिला मागे उभे करून शिस्त सांभाळायला सांगतात. म्हणजे जी व्यक्ती या मुलांना वर्षभर ओळखते, कोणते मूल बोलत नाही आणि कोणते चित्र पाहून खुलेल हे जिला ठाऊक आहे, तीच त्या तासापुरती बाजूला पडते. आपण ही जागा स्वीकारलीत, तर शिक्षिकेला निश्चित काम द्या. चाळीस मुलांचे तीन गट करा आणि त्यांतला एक गट तिच्याकडे सोपवा. मात्र त्यासाठी तिने ती कलाकृती आधी आपल्याबरोबर पाहिलेली असली पाहिजे.

भेटीच्या आठवडाभर आधी शाळेला एक-दोन चित्रांच्या मोठ्या छापील प्रती पाठवाव्यात. वर्गात पाहिलेले चित्र प्रत्यक्ष समोर आले की मुलांना कोण आनंद होतो, आणि छापलेल्या प्रतीपेक्षा मूळ चित्र केवढे मोठे आहे किंवा रंग किती निराळे आहेत, हे ती स्वतःच बोलू लागतात. फलकावरचे उतरवून घ्यायला लावणारे ‘रिकाम्या जागा भरा’ छापाचे कागद मात्र देऊ नयेत. ते हातात पडले की मुले चित्राकडे पाठ करून फलकासमोर गर्दी करतात.

मुख्याध्यापकांना पाठवायच्या पत्रात ही भेट कोणत्या इयत्तेच्या कोणत्या अध्ययन निष्पत्तीशी (मुलांनी काय शिकावे या अपेक्षेशी) जोडलेली आहे, हे स्पष्ट लिहा. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवसांच्या दप्तरविरहित कालावधीची तरतूद आहे. तिचा उल्लेख केल्यास परवानगी मिळायला मदत होते. आणि भाषेचा विचार अवश्य करा. आमच्या वर्गात गुजराती, हिंदी आणि मराठी घरांतली मुले एकत्र असतात. मुलाने ज्या भाषेत उत्तर दिले, त्याच भाषेत आपण ते पुन्हा मांडले, तर दबकून बसलेली मुलेही बोलती होतात.

सुरसागर :

आपणा दोघांचीही मी आभारी आहे. फतेगंजताई, शिक्षिकेला मागे उभे करण्याविषयी आपण जे लिहिले, ते कामाच्या वर्णनात कुठेही नव्हते आणि मलाही सुचले नव्हते.

दोन शंका उरतात. मुलांना मोकळेपणाने बोलू द्यायचे, हे मान्य. परंतु एखाद्या पौराणिक चित्रात एखादे मूल भलतीच कथा सांगू लागले आणि बाकीच्यांनी ती उचलून धरली, तर गप्प राहणे योग्य ठरेल का? आणि शिक्षकांच्या कार्यशाळेची सुरुवात नेमकी कुठून करावी?

वाचक_बडोदे :

मी बी.एड.च्या विद्यार्थ्यांना शिकवतो. पहिल्या शंकेबाबत माझे मत दांडियाबाजार यांच्यापेक्षा थोडे वेगळे आहे. ज्या चित्राचा आधार एखादी कथा आहे, त्याची कथा फार काळ दडवून ठेवू नये. तसे केले की पाहणे बाजूला राहते आणि मुले आपल्या मनातले उत्तर ओळखण्याच्या मागे लागतात. शंतनू आणि मत्स्यगंधा यांचे चित्र असेल, तर थोडा वेळ मुलांना पाहू द्यावे, मग कथा दोन-चार वाक्यांत सांगावी आणि खरी चर्चा त्यानंतर सुरू करावी : इतक्या मोठ्या कथेतला नेमका हाच क्षण चित्रकाराने का निवडला? या प्रश्नाचे उत्तर कथेत सापडत नाही, त्यासाठी चित्राकडेच परत जावे लागते. चुकीची कथा सांगणाऱ्या मुलालाही चित्रातला पुरावा मागावा. तो अपुरा असल्याचे पुष्कळदा त्याचे त्यालाच दिसते, आणि नाही दिसले तर आपण स्पष्ट सांगावे. मुलांचा आदर राखण्यासाठी त्यांना चुकीची माहिती घेऊन घरी जाऊ देण्याची गरज नाही.

आता कार्यशाळेविषयी. ‘मला चित्रातले काही कळत नाही,’ हे वाक्य मी शिक्षकांच्या तोंडून नेहमी ऐकतो. गणिताचे शिक्षक ते बोलतात, भाषेचे शिक्षकही बोलतात. त्यामुळे सुरुवात प्रोजेक्टर लावून व्याख्यानाने केली, तर ती भीती पक्की होते. त्यांना कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, न्यावे. तेथे नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात काढलेली भित्तिचित्रे आहेत; गंगावतरण, मीरेचे जीवन, नटीर पूजा (रवींद्रनाथ टागोरांचे नाटक) आणि महाभारतातील युद्धप्रसंग असे चार भिंतींवरचे चार विषय. शिक्षकांना एकाच भिंतीसमोर बसवावे आणि ‘चित्र काढा’ असे न सांगता, आपली नजर कुठून शिरते आणि कोणत्या वाटेने फिरते, तेवढेच पेन्सिलीच्या रेषेने कागदावर उतरवायला सांगावे. रेषा सर्वांनाच ओढता येते. मग सगळे कागद शेजारी शेजारी ठेवले की कोणाची नजर घोळक्यात अडकली, कोणाची मोकळ्या जागेत रेंगाळली, हे दिसते आणि शिक्षक आपापसांत बोलू लागतात. तासाभराने त्यांच्यापैकीच एकाला गटासमोर उभे करून प्रश्न विचारायला लावावेत आणि आपण श्रोत्यांत बसावे. आपल्या वयाचा प्रश्न येथे मिटतो. वर्ग कसा चालवायचा, हे शिक्षक जाणतात. आपण त्यांना चित्रासमोर थांबण्याचा सराव द्यायचा आहे.

एका दिवसाच्या कार्यशाळेने मात्र फारसे साधत नाही, हे माझे ठाम मत आहे. शिक्षकाने कार्यशाळेत एक पाठ आखावा, तो आपल्या वर्गात घ्यावा आणि काही आठवड्यांनी मुलांची उत्तरे घेऊन परत यावे. ही दुसरी बैठक पहिलीपेक्षा अधिक मोलाची असते. बी.एड.च्या विद्यार्थ्यांबाबत हे तुलनेने सोपे आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनी हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला आणि त्यात नाट्य व कला यांचा शिक्षणातील वापर हा घटक घातला. महाविद्यालये त्यासाठी चांगल्या जागेच्या शोधात असतात. संग्रहालयाने पुढाकार घेतला, तर ती नक्की येतील.

आणखी एक सूचना, आपल्याच शहराच्या इतिहासातून. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी बडोदे संग्रहालय स्थापन झाले. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावले आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या गावोगाव जाऊ लागल्या. त्याच धर्तीवर शिक्षकांना महिनाभरासाठी नेता येईल, अशी संग्रहालयाची पेटी तयार करता येते. तिच्यात चित्रांच्या मोठ्या प्रती असाव्यात, गेरू, काजळी, नीळ असे रंगद्रव्यांचे नमुने असावेत, आणि मेणाच्या नमुन्याभोवती मातीचा साचा करून धातूची मूर्ती कशी ओततात, ते टप्प्याटप्प्याने दाखवणारे तुकडे असावेत, जे मुलांना हाताळता येतील. ज्या शाळांना बसचा खर्च झेपत नाही, त्यांच्यापर्यंत संग्रहालय निदान अशा रीतीने पोचेल.

दांडियाबाजार :

कथेविषयीचा आपला मुद्दा मला मान्य आहे. मूर्तीला जे लागू पडते, ते कथाचित्राला जसेच्या तसे लागू पडत नाही.

सुरसागर, मुलाखतीला जाताना मोठे सादरीकरण नेऊ नका. एकाच कलाकृतीवरचा, एका इयत्तेसाठीचा, दोन पानांचा आराखडा न्या : शाळेला आधी काय पाठवणार, पहिला प्रश्न कोणता विचारणार, कोणती माहिती कोणत्या टप्प्यावर देणार, शिक्षिकेकडे कोणते काम सोपवणार, आणि वर्गात परतल्यावर मुले काय करतील. भेटींची गर्दी डिसेंबर ते फेब्रुवारीत असते. त्यामुळे शिक्षकांच्या बैठका आणि पेट्यांची तयारी दिवाळीच्या सुटीआधी उरकण्याचा विचार केलेला दिसला, तर निवड समितीला आपली समज कळेल. या पदावरील निम्मे काम पत्रे, दूरध्वनी आणि वेळापत्रके यांचेच असते, हेही मनाशी धरून चला.

आपणही समितीला एक गोष्ट अवश्य विचारा : वर्षअखेरीच्या अहवालात काय मोजले जाते? केवळ किती मुले येऊन गेली एवढेच मोजले जात असेल, तर किती शिक्षक दुसऱ्यांदा वर्ग घेऊन आले, ही नोंदही ठेवण्याची परवानगी रुजू होतानाच मागून घ्या.