मदत हवी आहे: बीएस६ डिझेल, डीपीएफचा दिवा पुन्हा पुन्हा लागतोय आणि ऑइल चक्क वाढलंय

धायरीकरीण

नमस्कार मंडळी. गाडीतलं मला फारसं कळत नाही, म्हणून सगळंच लिहिते. त्यातलं कामाचं काय ते तुम्ही ठरवा.

दीड लिटर डिझेल, मॅन्युअल, २०२१ ची, बीएस६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांची). रनिंग ४३,००० किमी. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, दिलं की पुढचे पन्नास प्रतिसाद त्यावरच पडतात.

घेतली तेव्हा दर शनिवारी सांगलीला जाणं होतं, डिझेल परवडायचं. दीड वर्षापूर्वी आई-बाबा इकडेच राहायला आले. आता गाडी धायरीहून स्वारगेटला जाते आणि परत येते. नऊ-दहा किलोमीटर, पाऊण तास, तिसरा गिअर पडला तर नशीब.

फेब्रुवारीत डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या चाळणीचा) पिवळा दिवा लागला. वर्कशॉपमध्ये लॅपटॉप जोडून गाडी जागेवरच अर्धा तास रेसवर ठेवली, दिवा गेला. मग म्हणाले, ईजीआर (धूर पुन्हा इंजिनात नेणारी वाट) आणि मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारी नळी) साफ करून घ्या, आत बघा काय झालंय. मोबाइलवर फोटो दाखवला. आख्खी पुरी मावेल अशा तोंडात करंगळी जाईल एवढीच जागा उरलेली, बाकी सगळं डांबर. घाबरून ७,८०० रुपये दिले.

त्यानंतर तीन आठवड्यांत दिवा पुन्हा हजर. आणि गेल्या रविवारी बाबांनी सवयीने डिपस्टिक काढली, तर ऑइल मॅक्सच्या खुणेच्या बोटभर वर. कुणीही टॉप-अप केलेलं नाही. बाबांनी वास घेतला आणि म्हणाले, "यात रॉकेल ओतलंय का कुणी?"

ऑइल कमी झालेलं ऐकलंय, वाढतं कसं? अशी गाडी चालवू का? आणि ही काजळी मुळात होऊच नये म्हणून काही करता येतं, की गाडी विकून मोकळी होऊ?

मिस्त्रीबुवा

ताई, आधी ऑइल बदला, मग पुढचं वाचा. पातळी एवढी वर असताना हायवेला तर अजिबात नेऊ नका. क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा, त्या तेलात घुसळतो, फेस होतो, आणि ते तेल वाफेच्या नळीतून इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जाते त्या वाटेत, ओढलं जातं. डिझेल इंजिनला जळायला काहीही चालतं. एकदा ते स्वतःच्याच ऑइलवर धावायला लागलं की चावी बंद करूनही थांबत नाही.

रॉकेल नाही, डिझेल आहे ते. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतली सिरॅमिकची चाळणी. ती काजळी धरून ठेवते आणि भरत आली की जाळून टाकते. हायवेला धूर पुरेसा तापलेला असतो, थोडी काजळी आपोआप जळते. शहरात तेवढी उष्णता होत नाही, म्हणून संगणक मुद्दाम जादा डिझेल मारून चाळणीत सहाशे अंशांच्या आसपास तापमान आणतो. हे रीजेन. बहुतेक छोट्या गाड्यांत हे जादा डिझेल सिलिंडरमध्येच मारलं जातं, आणि त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. रीजेन पंधरा-वीस मिनिटांचं. तुम्ही मध्येच गाडी बंद केली की ते अर्धवट राहतं, पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा डिझेल. बोटभर असंच साठलं.

टिपकागद असेल तर त्यावर या ऑइलचा एक थेंब टाका आणि काही तास ठेवून बघा. मध्ये काळा ठिपका आणि बाहेर फिकट तेलकट कडं पसरलं, तर डिझेल मिसळलंय. नुसतं काळं दिसलं म्हणून मात्र घाबरायचं नाही. डिझेलमध्ये नवं ऑइलसुद्धा लगेच काळं होतं, काजळी उचलून धरणं हे त्याचं कामच आहे.

कोकणकडा

माझा अनुभव. रीजेन चालू आहे हे ओळखायला शिका, अर्धं काम तिथेच होतं. उभ्या गाडीचं आरपीएम नेहमीच्या आठशेवरून हजाराकडे जातं, चालू मायलेज एकदम पडतं, स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणं) काम करत नाही, आणि बंद केल्यावरही पंखा घोंघावत राहतो. असं दिसलं की घरी पोचलात तरी इंजिन बंद करू नका, एक चक्कर मारून या. साठच्या वर, एक गिअर खाली ठेवून, दोन-अडीच हजार आरपीएमवर. आणि टाकी रिझर्व्हला आणू नका, बऱ्याच गाड्यांत तेव्हा रीजेन सुरूच होत नाही.

बायको म्हणते, "पेट्रोल जाळून काजळी जाळायला निघालात." मी म्हणतो, डिझेल.

जुनं_ते_सोनं

एवढी डोकेदुखी कशाला? डीपीएफ काढा, ईजीआरला पत्रा मारा, रिमॅप करा (इंजिनाच्या संगणकाचा प्रोग्राम बदला). माझी २०११ ची आजही पळते. बीएस६ म्हणजे नुसता तमाशा.

मिस्त्रीबुवा

@जुनं_ते_सोनं, तुमच्या गाडीत डीपीएफ नव्हताच, मग काढलं काय? या गाडीत तो काढणं बेकायदेशीर आहे, वॉरंटी जाते, आणि मागच्या रिक्षावाल्याच्या नाकात काय जातं ते वेगळंच.

आता ताईंच्या फोटोतल्या डांबराबद्दल. ईजीआर जळलेल्या धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडतो, त्याने ज्वलन थंड राहतं आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स कमी होतात. धुरात कोरडी काजळी असते. दुसऱ्या बाजूने क्रँककेसची (क्रँक असतो त्या खालच्या भागाची) वाफ तेलाचं धुकं घेऊन त्याच मॅनिफोल्डमध्ये येते. कंदिलाच्या काचेवरची कोरडी काजळी फडक्याने निघते. तिच्यावर तेल पडलं की खरवडावी लागते. हे शंभर टक्के थांबवता येत नाही, वेग कमी करता येतो. इंजिन गरम होऊ द्या, वरच्या गिअरला बाराशे आरपीएमवर घरघरत ओढू नका, उगाच चालू ठेवून उभं राहू नका.

ऑइल घेताना मॅन्युअलमध्ये लिहिलेला ग्रेडच घ्या. डीपीएफवाल्या गाडीला बहुधा एसीइए (युरोपातलं ऑइलचं मानक) सी२ किंवा सी३ असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे कमी राखेचं. काजळी जळते, राख जळत नाही. ऑइलमधल्या कॅल्शियम, झिंकची राख चाळणीत कायमची बसते, आणि ती रीजेनने जात नाही.

एक खटकतंय. सफाईनंतर दिवा उशिरा यायला हवा होता, तुमचा लवकर आला. काजळी जास्त का होतेय हे कुणी बघितलंच नाही. चढाला ओढ कमी झाली आहे का?

धायरीकरीण

ऑइल बदललं. काढलेलं ऑइल पाण्यासारखं पातळ होतं, बाबांनी बोटांवर चोळून दाखवलं. मग काल नवले पुलावरून हायवेला लागले, खेड शिवापूरच्या पुढपर्यंत जाऊन आले. जांभुळवाडीच्या चढाला गाडी जड वाटली, चौथ्यातून तिसरा टाकावा लागला. पूर्वी सांगलीला जाताना हाच चढ चौथ्यावर घ्यायचे. आणि बोगद्यात काच खाली होती तेव्हा अॅक्सिलरेटर दाबला की बारीक शिट्टी. पाय काढला की बंद. मला वाटलं शेजारच्या ट्रकची, पण परत येतानाही आली.

भावाने ओबीडीचं डोंगल (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र) लावून दिलंय. त्यात दिसतंय की रीजेन दर ८०-९० किलोमीटरला होतंय.

मिस्त्रीबुवा

झालं, सापडलं बहुतेक. टर्बोपासून (हवा दाबून भरणारा पंखा) इंटरकूलर (ती हवा गार करणारी जाळी) आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतचे जाड रबरी होज बघायला सांगा. सांध्यावर तेलकट ओल दिसेल. सेन्सरने मोजलेली हवा वाटेतच निसटली की डिझेल तेवढंच आणि हवा कमी, म्हणजे काजळीच काजळी. मॅनिफोल्ड साफ करताना होज काढावा लागतो. तो परत नीट बसवला का, हा प्रश्न विचारा. दुसऱ्या गॅरेजला विचारा.

कोकणकडा

आणि डीपीएफच्या प्रेशर सेन्सरच्या दोन बारीक नळ्याही बघायला सांगा. तडकल्या असतील तर संगणकाला खोटाच आकडा जातो. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत थंड पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला असेल तर इंजिन तापतच नाही, तेही डोंगलवर कळेल.

पंपावर मिळणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. अॅडिटिव्ह हा प्रकार खोटा नाही, प्युजोने २००० साली ६०७ मध्ये डीपीएफ आणला तोच डिझेलमध्ये सेरियमचं द्रव्य मिसळून, काजळी कमी तापमानाला जळावी म्हणून. पण ती अख्खी यंत्रणा त्यासाठी बांधलेली होती. फुटलेल्या होजवर बाटलीचा काय उपयोग?

धायरीकरीण

अपडेट द्यायला उशीर झाला, मुलीच्या परीक्षा होत्या.

होज फुटला नव्हता, त्याची क्लिप नुसती अडकवून ठेवलेली होती. घराजवळच्या गॅरेजवाल्याने हाताने फिरवून दाखवली, गोल गोल फिरत होती. खालच्या प्लास्टिकवर तेलाचा ओघळ. नवी क्लिप १२० रुपये, मजुरी घेतली नाही. आधीच्या वर्कशॉपला फोन केला तर म्हणाले, "मॅडम, व्हायब्रेशनने होतं असं."

शिट्टी गेली, चढ पुन्हा चौथ्यावर. नव्या ऑइलनंतर ६५० किलोमीटर झालेत, रीजेन दोनदाच झालं, शेवटचं ३४० किलोमीटरनी. बाबांनी दर सोमवारी मला घेऊन हायवेने बनेश्वरच्या देवळात जायचं ठरवलंय, म्हणतात देवदर्शनही होईल आणि तुझी चाळणीही जळेल.

एकच राहिलं. मॅन्युअलमध्ये ऑइल १०,००० किलोमीटरला लिहिलंय. तोवर थांबू का?

मिस्त्रीबुवा

स्वारगेटच्या ट्रॅफिकमध्ये नाही. पाच हजारला बदला, आणि त्याआधी कधीही पातळी मॅक्सच्या वर गेली तर त्याच दिवशी. दर महिन्याला सकाळी, इंजिन थंड असताना, सपाट जागेवर डिपस्टिक बघायची. ते काम बाबांकडेच द्या.