मदत हवी आहे: धूर आणि ऊन यांपासून त्वचा जपण्यासाठी कोणते नैसर्गिक घटक खरोखर उपयोगी पडतात?

नमस्कार. कामाच्या स्वरूपामुळे माझा दिवसाचा बराच वेळ रहदारीच्या रस्त्यांवर आणि भर उन्हात जातो. सनस्क्रीन नियमित लावते आणि ते सोडण्याचा विचार नाही. त्याच्या जोडीला एखादे नैसर्गिक अँटिऑक्सिडंट (पेशींची ऑक्सिडीकरणाने होणारी हानी रोखणारा घटक) वापरावे का, आणि वापरायचे तर कोणते, एवढाच प्रश्न आहे.

आतापर्यंत वाचून जे समजले ते आधी मांडते. काही चुकत असल्यास जाणकारांनी कृपया दुरुस्त करावे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपैकी यूव्हीबी किरण मुख्यतः बाह्यत्वचेत शोषले जाऊन पेशींच्या डीएनएला थेट इजा करतात, तर ३१५ ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे यूव्हीए किरण अंतस्त्वचेपर्यंत पोहोचून तिथे मुक्त मूलके (पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू) निर्माण करतात आणि त्यातून त्वचेला घट्टपणा देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाची हानी होते. वाहनांच्या धुरातील वायूंपासून उन्हात तयार होणारा ओझोन वायू त्वचेत खोलवर शिरत नाही, पण सर्वांत वरच्या थरातील स्क्वालीन हा तेलकट घटक आणि ई जीवनसत्त्व यांचे ऑक्सिडीकरण करतो. धुराच्या सूक्ष्म कणांवर बसून येणारी बेंझोपायरीनसारखी संयुगे यूव्हीएच्या सान्निध्यात आणखी घातक ठरतात, त्यामुळे धूर आणि ऊन एकत्र आल्यावर होणारे नुकसान नुसत्या बेरजेहून अधिक असते. सनस्क्रीन किरणांना अडवते, ओझोनला नाही. अँटिऑक्सिडंटचा विचार मनात आला तो यामुळेच.

सर्वाधिक पुरावा क जीवनसत्त्वाच्या बाजूने दिसतो. १५ टक्के क जीवनसत्त्व आणि १ टक्का ई जीवनसत्त्व यांच्या द्रावणात अर्धा टक्का फेरुलिक आम्ल (वनस्पतींतील एक अँटिऑक्सिडंट) मिसळल्यास उन्हापासूनचे संरक्षण सुमारे चौपटीवरून आठपटीवर जाते, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले होते. मात्र तो प्रयोग डुकराच्या त्वचेवरचा होता. माझी खरी अडचण टिकाऊपणाची आहे. शुद्ध एल-अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्वाचे मूळ रूप, त्वचेत मुरण्यासाठी द्रावणाचा पीएच (आम्लतेचे माप) ३.५ च्या खाली ठेवावा लागतो, त्यामुळे लावताच नाकाच्या कडेला चुणचुणते, आणि ड्रॉपरची बाटली वारंवार उघडली गेली की पाण्यासारखे दिसणारे सीरम आधी पिवळसर आणि मग चहाच्या रंगाचे होते.

नियासिनमाइड (ब३ जीवनसत्त्वाचे एक रूप) या बाबतीत सोयीचे आहे, कारण ते जवळपास उदासीन पीएचलाही स्थिर राहते. त्याच्या संदर्भात २०१५ च्या ऑस्ट्रेलियातील चाचणीचा दाखला नेहमी दिला जातो, परंतु त्या चाचणीत आधी त्वचेचा कर्करोग होऊन गेलेल्या लोकांना ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा दिल्या होत्या आणि त्यांच्यात त्वचेचे नवे कर्करोग कमी आढळले. तो निष्कर्ष क्रीमला लागू करणे मला पटत नाही. ग्रीन टीमधील पॉलिफिनॉल, खाऱ्या पाण्यातील जिवाणूंपासून मिळणारे एक्टोइन आणि लाल शैवालातील अतिनील किरण शोषणारी अमिनो आम्ले यांविषयीही वाचले, पण वेष्टनावर प्रमाण क्वचितच छापलेले असते.

कृपया लिंबाचा रस चोळण्याचा सल्ला देऊ नये. लिंबूवर्गीय फळांच्या सालीतील सोरालेन नावाची रसायने उन्हात त्वचा भाजून काढतात, आणि तेही पूर्णपणे नैसर्गिकच आहेत! धूम्रपान करणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेतल्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो हेही वाचले असल्यामुळे, गोळ्या सुचवताना मात्रा आणि कारण दोन्ही लिहावे.

सतत उष्ण हवेत राहणाऱ्यांपैकी कोणी अ‍ॅस्कॉर्बिल ग्लुकोसाइडसारखे क जीवनसत्त्वाचे स्थिर रूप दीर्घकाळ वापरले आहे का, आणि त्याने शुद्ध आम्लाच्या तुलनेत काही जाणवण्याजोगा फरक पडला का? एक्टोइन असलेले उत्पादन निवडताना किती टक्के प्रमाण पाहावे? आणि दुपारी सनस्क्रीन पुन्हा लावताना त्याखालचा अँटिऑक्सिडंटचा थरही नव्याने लावावा लागतो, की सकाळचा पुरतो? त्वचाविज्ञान किंवा सौंदर्यप्रसाधनांचे रसायनशास्त्र शिकलेल्या सदस्यांनी या शेवटच्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे, ही विनंती.